जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार

झाशीचा किल्ला एका काळाचा नाही. ओरछाचा राजा वीरसिंहदेव याने १६१३ साली बंगरा टेकडीवर तो उभारला. पुढे १७४२ मध्ये मराठ्यांचे सुभेदार म्हणून आलेल्या नारो शंकर यांनी त्यात जी भर घातली, ती शंकरगढ या नावाने ओळखली जाऊ लागली. बुंदेल्यांचे बांधकाम नारो शंकरांनी उखडून टाकले नाही. तसेच, जुने आहे म्हणून त्याला हातच लावायचा नाही, असेही मानले नाही. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोजच्या तोफांनी याच शहराच्या तटाला खिंडारे पाडली, तेव्हा रात्रीच्या अंधारात कांबळी पांघरून गवंडी ती बुजवीत असत, असे त्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्या गवंड्यांपुढे शोभेचा प्रश्न नव्हता. सकाळी तट उभा दिसला पाहिजे आणि तोफ पुन्हा चालली पाहिजे, एवढाच त्यांचा जीर्णोद्धार होता.

जुनी वस्तू दुरुस्त करताना ती पूर्वीसारखी करावयाची की पूर्वीपेक्षा चांगली, हा प्रश्न किल्ल्यांपुरता मर्यादित नाही. जी वस्तू अजून वापरावयाची आहे, अशा प्रत्येक वस्तूच्या बाबतीत तो उभा राहतो. आज तो एका अगदी साध्या यंत्राच्या निमित्ताने गावोगावी विचारला जात आहे. ते यंत्र म्हणजे लहान इंजिनाची जुनी मोटरसायकल.

या यंत्राची वंशावळ मनोरंजक आहे. जर्मनीतील त्शोपाउ या गावी डीकेडब्ल्यू कारखान्याने १९३९ मध्ये आरटी १२५ नावाची हलकी गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. त्यात झडपा नाहीत. वरखाली होणारा पिस्टनच सिलिंडरमधील वाटा उघडतो आणि मिटतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे, म्हणजे तेलाचा वेगळा पंपही नको. भाग थोडे, किंमत थोडी, आणि दुरुस्ती खेड्यातल्या कारागिरालाही समजेल अशी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला आणि या गाडीचा आराखडा विजेत्यांच्या हाती पडला. इंग्लंडची बीएसए बँटम, सोव्हिएत रशियाची मॉस्क्वा, पोलंडची सोकोल १२५ या तिच्याच प्रती होत. जपानी यामाहाने १९५५ मध्ये जी पहिली मोटरसायकल काढली, तीही याच साच्यातून उतरली होती.

या लहान गाड्यांची खरी कसोटी खडतर वाटांवरच्या स्पर्धांत लागली. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. १९८१ पासून तिच्या नावात एन्ड्युरो हा शब्द आला. येथे सर्वांत वेगवान कोण, यापेक्षा ठरल्या वेळात, डोंगर, चिखल आणि दगडधोंडे ओलांडून, गाडी शाबूत ठेवून कोण पोहोचतो, याला महत्त्व असे. वाटेत मोडतोड झाली, तर स्वाराने स्वतःच्या हातांनी, जवळच्या हत्यारांनी ती दुरुस्त करावयाची. आरंभी गाडीच्या मुख्य भागांवर खुणा करीत. सांगाडा किंवा इंजिनाचे कवच यांसारखा खूण केलेला भाग बदलला, तर स्वार बाद. टायर, तार, साखळी हे मात्र बदलता येई. त्शोपाउच्या त्याच कारखान्यातून पुढे निघालेल्या एमझेड गाड्यांवर पूर्व जर्मनीच्या संघाने १९६३ पासून सलग पाच वर्षे ही स्पर्धा जिंकली.

भारतात ही परंपरा स्पर्धेच्या नव्हे, तर संसाराच्या वाटेने आली. १९४४ साली स्थापन झालेल्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या किएल्से येथील एसएचएल कारखान्याच्या एम ११ या नमुन्यावरून १९६० च्या दशकाच्या आरंभी राजदूत ही गाडी देशात बनविण्यास सुरुवात केली. तिचे इंजिन १७३ घनसेंटिमीटरचे, पुढचे चाक दुहेरी भुजांच्या भक्कम चिमट्यात बसविलेले. वेग बेताचा, पण खडकाळ वाटेवर, दुधाच्या बरण्या किंवा धान्याचे पोते लादूनही ती चालत राही. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या नमुन्यावर जावा आणि पुढे येझदी या गाड्या दिल्या. एस्कॉर्ट्सने नंतर यामाहाशी हातमिळवणी केली आणि १९८५ मध्ये ९८ घनसेंटिमीटरची आरएक्स १०० आणली. अशा रीतीने आरटी १२५ चा जपानी वारसाही भारतीय रस्त्यावर आला. १९९६ आणि २००० साली धुराविषयीचे नियम कडक झाले, तेव्हा तेल जाळणाऱ्या या इंजिनांचे दिवस भरत आले.

आज त्या गाड्या गोठ्यातून, अडगळीतून बाहेर निघत आहेत. त्यांना पुन्हा चालते करणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक गाडीला पहिला रोग होतो तो क्रँकच्या ऑइल सीलचा. रबर वाळते, फटीतून हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते. इंजिन जोरात चालल्यासारखे वाटते आणि थोड्याच वेळात तापून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून जाणता कारागीर गाडी सुरू झाली एवढ्यावर समाधान मानत नाही. तो आधी सील बदलतो. त्यानंतर सायलेन्सर आणि धुराच्या वाटेतील काजळी खरवडणे, सिलिंडरची झीज मोजून बोअर करणे, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसविणे, टाकीतला गंज काढणे, चाकाच्या तारा ओढून चाक सरळ करणे, असा क्रम लागतो. झाशीला ही शिस्त अपरिचित नाही. येथील रेल्वेचा कारखाना १८९५ पासून डबे उघडण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि पुन्हा रुळांवर पाठविण्याचे काम करीत आला आहे.

इथवर जीर्णोद्धार झाला. खरा वाद सुधारणेपासून सुरू होतो. जुन्या गाडीचा सहा व्होल्टचा दिवा मंद जळतो. तिचे ड्रम ब्रेक आजच्या वाहतुकीच्या मानाने अपुरे पडतात. ठिणगी पाडणारे पॉइंट वारंवार घासून जुळवावे लागतात. आता झाशीपाशी देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथे अवजड वाहनांच्या गर्दीत रात्री सहा व्होल्टच्या उजेडावर जाणे, याला परंपरानिष्ठा म्हणता येणार नाही. शिवाय इंधनही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुने रबर फुगवते. त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेल्या नळ्या आणि वायसर तसेच ठेवू म्हटले, तरी ते टिकणार नाहीत.

परंतु सुधारणेलाही मर्यादा असते. बारा व्होल्टची वीज, इलेक्ट्रॉनिक ठिणगी, चांगले ब्रेक-लायनर या गोष्टी यंत्राचा स्वभाव न बदलता त्याला आधार देतात. इंजिनाची शक्ती वाढविण्याचा मोह मात्र साखळीसारखा असतो. दाब वाढविला की उष्णता वाढते. उष्णता वाढली की पिस्टन सोसत नाही. पिस्टन बदलला की क्रँकवर ताण येतो. आणि वेग वाढला की ब्रेक कमी पडतात. शेवटी मूळ गाडीचा सांगाडा आणि नाव एवढेच उरते.

कायद्यानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपापासून दूर नेणारा फेरफार तो कायदा मान्य करीत नाही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना व्हिंटेज हा स्वतंत्र दर्जा दिला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे कायद्याने मालकापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत: मूळ रूप जपून गाडी प्रदर्शनाची वस्तू करावयाची, की नियमाच्या चौकटीत राहून तिला रोजच्या कामाला जुंपावयाचे? ज्याच्या घरी वडिलांची राजदूत आहे आणि ज्याला ती शेतावर न्यावयाची आहे, त्याला या निवडीतून सुटका नाही.

यावर सहा दिवसांच्या चाचणीतील जुना नियम आजही मार्गदर्शक ठरण्याजोगा आहे. कोणत्या भागांवर खूण करावयाची, हे आधी ठरवावे. सांगाडा, इंजिनाचे कवच, त्यांवर कोरलेले क्रमांक आणि गाडीची मूळ घडण यांवर ती खूण असावी. त्यांना हात लावू नये. झिजणारे, जळणारे, वाळणारे भाग निःसंकोच बदलावेत, आणि ज्यावर प्राण अवलंबून आहे ते ब्रेक आणि दिवे काळानुरूप सुधारावेत. केलेला प्रत्येक बदल पुढे मागे घेता येईल असा असावा, काढलेला मूळ भाग जपून ठेवावा आणि काय बदलले याची टाचणवही गाडीबरोबर असावी. शंकरगढ कोठे सुरू होतो हे आज सांगता येते, कारण त्याचे नाव आणि त्याची हकिकत मागे राहिली. दुरुस्ती करणाराने आपल्या हाताची नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीला मूळ वस्तूही ओळखता येते आणि तिला जिवंत ठेवणारी माणसेही ओळखता येतात.