बारच्या मेन्यूकार्डवर कोणती दारू असणार, हे नेमकं कोण ठरवतं?

एकाच रस्त्यावर दोन परमिट रूम. एकाच्या कार्डावर व्हिस्कीचे चाळीस ब्रँड आणि वाइनच्या नावाखाली फक्त 'रेड' आणि 'व्हाइट'. दुसऱ्याकडे व्हिस्की जेमतेम दहा, पण नाशिकच्या पाच-सहा वाइन, गोव्याची जिन आणि एक-दोन सिंगल माल्ट. बघणाऱ्याला वाटतं, मालकाची आवड. प्रत्यक्षात मालकाच्या आवडीचा नंबर बराच खाली लागतो. त्याआधी परवाना, कर, बाटली उघडल्यावर ती किती दिवस टिकते आणि स्वयंपाकघरात काय शिजतं, या गोष्टी कार्ड ठरवून मोकळ्या झालेल्या असतात.

महाराष्ट्रात हे कसं चालतं, ते समजून घेऊ.

आधी परवाना, मग पसंती

महाराष्ट्रात दारूविक्री आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालते. कागदोपत्री दारू पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं. एक दिवसाचं परमिट ५ रुपयांना मिळतं. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. दारू पिण्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, सौम्य बिअरसाठी २१.

रेस्टॉरंटला बसून प्यायला देण्यासाठी लागतो तो एफएल-३ परवाना. आपण ज्याला 'वाइन शॉप' म्हणतो (आणि जिथे वाइन सोडून बाकी सगळं खपतं) त्याचा एफएल-२. देशी दारूचा परवाना वेगळा, सीएल-३. त्यामुळे मालकाला कितीही वाटलं, तरी परमिट रूमच्या कार्डावर देशी येऊ शकत नाही.

मालही कुठूनही आणता येत नाही. तो राज्यातल्या परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो, आणि त्याच्याकडेही तेच ब्रँड असतात ज्यांचं लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदलेलं आहे. ही नोंदणी राज्यागणिक वेगळी आणि तिचे पैसेही वेगळे. छोट्या कंपनीला प्रत्येक राज्यात लेबल नोंदवणं परवडत नाही. बंगळुरूमध्ये सहज मिळालेली एखादी बाटली मुंबईत कुठेच दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कधी दिसत नाही: नोंदवही. किती बाटल्या आल्या, किती उघडल्या, किती शिल्लक, याचा ब्रँडवार हिशेब रोज ठेवावा लागतो आणि तपासणीत तो जुळावा लागतो. कार्डावर एक नाव वाढलं की वहीत एक ओळ वाढते. दोन वेटर आणि एक मॅनेजर असलेल्या ठिकाणी लांबलचक कार्ड नसतं, त्यात या वहीचा वाटा मोठा आहे.

कराने कार्ड कसं बदलतं?

दारू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे एकाच बिलावर जेवण आणि मॉकटेलवर जीएसटी लागतो, तर पेगवर राज्याचा व्हॅट. परमिट रूममधल्या दारूवरचा हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला.

मोठा धक्का जून २०२५ मध्ये बसला. राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क घोषित निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं. ज्या मद्याचं निर्मितीमूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, त्याला हा दर लागतो. म्हणजे नेमका स्वस्त आणि मध्यम गट. त्यानंतर १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किरकोळ किंमत भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. त्याखाली 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा वर्ग आला, किमान किंमत १४८ रुपये. व्हॅट, उत्पादन शुल्क आणि परवाना शुल्कातली १५ टक्के वाढ या तिन्हींच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला होता.

कार्डावर याचा परिणाम सरळ आहे. स्वस्त ब्रँड महाग झाला की त्याच्यात आणि वरच्या ब्रँडमध्ये फरक कमी उरतो. मग मधले तीन-चार ब्रँड ठेवण्यात अर्थ राहत नाही. प्रत्येक न खपणारी बाटली म्हणजे कपाटात अडकलेले पैसे, आणि भाडं भरून चालणाऱ्या छोट्या परमिट रूमसाठी हाच पैसा महिन्याच्या पगाराचा असतो.

दुकानातल्या किमतीपेक्षा बारमध्ये दारू इतकी महाग कशी, हा प्रश्न नेहमीचा. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हॉटेल-रेस्टॉरंट हे फक्त वस्तू विकत नाहीत, सेवाही देतात; त्यामुळे तिथे एमआरपीचं बंधन लागू होत नाही.

व्हिस्की टिकते, वाइन थांबत नाही

व्हिस्की, रम, जिन यांचं गणित सोपं आहे. ७५० मिलीच्या खंब्यातून ३० मिलीचे २५ पेग निघतात. सांडलवंड धरली तर २४. बाटली उघडून महिना झाला तरी फारसं बिघडत नाही. म्हणून एखाद्याने वर्षातून चारदा मागितलेला ब्रँडही कपाटात ठेवता येतो.

वाइनचं तसं नाही. हवा लागली की ती बदलू लागते. उघडलेली व्हाइट फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, रेड तीन ते पाच दिवस, आणि बुडबुड्यांची स्पार्कलिंग तर दुसऱ्या दिवशीच निस्तेज होते. ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. समजा, रेस्टॉरंटला बाटली १००० रुपयांना पडली आणि ग्लास ४५० ला लावला. पाचही ग्लास गेले तर २२५० रुपये. दोनच गेले आणि उरलेली वाइन आंबली, तर बाटलीचे पैसेही निघाले नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी ग्लासचा दर असा लावतात की पहिल्या एक-दोन ग्लासांतच बाटली वसूल व्हावी. हा दर ग्राहकाला जास्त वाटतो, तो वाइनकडे वळत नाही, वाइन खपत नाही, आणि दर तसाच राहतो. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर वाइन केविलवाणी दिसते ती या चक्रामुळे.

साठवणही तितकीच महत्त्वाची. वाइनला १२ ते १६ अंशांची, अंधारी आणि न बदलणारी जागा लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या स्टोअररूममध्ये ठेवलेली चांगली वाइनही शिजल्यासारखी होते. वाइन कूलर नसेल, तर महागडी रेड कार्डावर न ठेवणंच शहाणपणाचं. मग परवडतं काय? झाकण फिरवून उघडणाऱ्या, लवकर प्यायच्या, ताज्या वाइन. त्या 'हलक्या दर्जाच्या' असतात हा गैरसमज आहे. बूच वापरलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येण्याचा दोष वाइनमध्ये शिरू शकतो, फिरकीच्या झाकणात तो धोका जवळपास नसतो. बाटली उघडल्यावर वेटर आधी थोडीशी वाइन ओततो, ती हा दोष तपासण्यासाठी. वास खराब असेल तर बाटली परत करता येते. नुसती चव आवडली नाही, हे मात्र परत करण्याचं कारण होत नाही.

महाराष्ट्रातल्या रेस्टॉरंटला एक फायदा आहे: वाइन घरचीच आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅटो इंडाजने स्पार्कलिंग वाइन बनवली. १९९९ मध्ये नाशिकला सुला उभी राहिली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. अकलूजला फ्रातेल्ली आहे, नाशिकच्या आसपास यॉर्क आणि व्हॅलोने. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच बनलेल्या वाइनला व्हॅट परताव्याची सवलत मिळत आली आहे. बाहेरच्या राज्यातल्या वाइनला ती नाही. त्यामुळे इथल्या कार्डावर नाशिक पुढे असतं, ते केवळ अभिमानापोटी नाही.

तांबड्या रश्श्यासोबत काय द्यायचं?

युरोपातला 'मटणासोबत रेड, माशासोबत व्हाइट' हा नियम आपल्या ताटात लवकर कोसळतो. कारण तिखट. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल तोंडातल्या एकाच संवेदकाला डिवचतात. म्हणून कोल्हापुरी रश्श्यावर जास्त अल्कोहोलची वाइन घेतली तर जाळ वाढतो. रेडमधला तुरटपणा मसाल्यासोबत कडवट लागतो.

तिखटाला उतारा किंचित गोडी आणि आंबटपणाचा. नाशिकमध्ये भरपूर पिकणाऱ्या चेनिन ब्लाँ द्राक्षाची वाइन अनेकदा अशीच असते: थंड, जराशी गोडसर. मालवणी तळलेल्या माशासोबत सोव्हिन्यों ब्लाँ किंवा कोरडी स्पार्कलिंग चालते, तिचा आंबटपणा लिंबू पिळल्यासारखं काम करतो. नारळाच्या रसातल्या कालवणाला चेनिन पुन्हा उपयोगी पडते. शिराझ ठेवायचीच, तर ती सुक्या मटणासाठी किंवा तंदूरसाठी; आणि ती खोलीच्या तापमानाला नको, थोडी गार हवी. 'रूम टेम्परेचर' हा शब्द थंड देशांतल्या खोल्यांसाठी होता, मे महिन्यातल्या पुण्यासाठी नव्हे.

बाकी खरं सांगायचं तर झणझणीत जेवणासोबत बहुतेक लोक बिअरच मागतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

ब्रँड न सांगता मागितलं तर काय येतं?

नुसतं 'एक लार्ज व्हिस्की' म्हटलं की जी बाटली उचलली जाते, तो त्या ठिकाणचा 'हाऊस' ब्रँड. सगळ्यात जास्त खप त्याचाच होतो, म्हणून कंपन्यांची चढाओढही इथेच. ठरावीक पेट्यांवर काही पेट्या मोफत, ग्लास, फ्रिज, कार्ड छापून देणं अशा योजना चालतात. कार्डाच्या कोपऱ्यात एखाद्या कंपनीचा लोगो दिसला आणि त्याच कंपनीचे ब्रँड वरच्या ओळीत असले, तर ती निवड चवीची आहे असं समजू नये. काही नावं मात्र योजनेशिवाय टिकून आहेत. १९५४ पासूनची ओल्ड मंक हे त्याचं ठळक उदाहरण. ती नसेल तर गिऱ्हाईक विचारतं.

स्कॉचच्या ओळीतही एक खुबी असते. ब्लॅक डॉग, टीचर्स, १०० पायपर्स यांसारख्या स्कॉच पिंपातून भारतात येतात आणि इथे बाटलीबंद होतात. दारू स्कॉटलंडचीच, पण बाटलीबंद होऊन आलेल्या स्कॉचपेक्षा स्वस्त. मधल्या किमतीचं कार्ड याच ब्रँडवर उभं असतं. सिंगल माल्टमध्ये आता अमृत, पॉल जॉन, इंद्री ही भारतीय नावं सर्रास दिसतात. बंगळुरूच्या हवेत पिंपातली १० ते १२ टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते, स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के. त्यामुळे भारतीय माल्ट लवकर तयार होतो आणि त्याच्या बाटलीवर बहुधा वयाचा आकडा नसतो. आकडा नाही म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

गोव्याची बाटली इथे का चालत नाही?

गोव्यात कर कमी, त्यामुळे तिथलं कार्ड लांब आणि स्वस्त. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोव्याने तिला राज्याचा वारसा म्हणून मान्यता दिली. तिथली नव्या पिढीची रेस्टॉरंट फेणीची वेगळी ओळ छापतात. पण फेणीची नोंद देशी मद्य म्हणून राहिल्याने तिला राज्याबाहेर पडणं अवघड गेलं. जिनला ही अडचण नव्हती. म्हणून गोव्यात बनणारी जिन पुण्या-मुंबईच्या कार्डांवर पोचली, आणि शेकडो वर्षांची फेणी बांद्याच्या अलीकडेच राहिली.

'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेली बाटली महाराष्ट्रातल्या बारमध्ये दिसली, तर ती कर चुकवून आणलेली आहे. अशा मालात पैसे वाचतात, पण पकडला गेला तर परवानाच पणाला लागतो.

स्कॉच आता स्वस्त होणार का?

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या व्यापार करारानुसार स्कॉच आणि जिनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या महाग वाइनवरचं शुल्क डिसेंबर २०२२ पासूनच टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. पण हे केंद्राचं शुल्क झालं. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि परवान्याचा खर्च चढतो, आणि त्यांचा या करारांशी संबंध नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं आपलं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केलं होतं, तेव्हा दुकानातल्या बाटलीची किंमत खरोखर उतरली. कार्डावरच्या पेगचा दर त्या प्रमाणात उतरावा, असं बंधन मात्र रेस्टॉरंटवर नाही.