भगिनी मंडळांचा देशव्यापी क्रमांक लागतो का?

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची मंडळे असतात. त्यांना तिथे सोरोरिटी म्हणतात. ग्रीक अक्षरांची नावे, राहण्याचे स्वतंत्र घर, प्रवेशाचे विधी असा सगळा थाट! 'कप्पा अल्फा थीटा' हे मंडळ १८७० साली इंडियाना राज्यात निघाले. १९०२ पासून अशा मंडळांची राष्ट्रीय परिषदही आहे. एकेका मंडळाच्या शाखा अनेक कॉलेजांत पसरलेल्या, म्हणून देशात सर्वांत लोकप्रिय कोणते, हा वाद तिथे रंगतो. पण एका कॉलेजात नावाजलेले मंडळ दुसऱ्या कॉलेजात कोणाला ठाऊकही नसते. मग देशाचा क्रमांक लावायचा कसा?

प्रश्न परका वाटला तरी त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. त्यांच्या व्याख्यानांनी तिथल्या स्त्रिया भारावून गेल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि गावोगावी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळे निघाली. हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे त्यांनी कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले.

पुण्यात मात्र वारे फिरले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, तिथे धर्मांतर चालते, असा गवगवा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. संस्था तीच, बाई त्याच. बोस्टनला डोक्यावर घेतलेल्या आणि पुण्याला नकोशा! या दोहोंची सरासरी काढून कोणता क्रमांक द्यायचा?

याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू नावाची बालविधवा होती. १८९३ मध्येच तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे लोकप्रियतेत इथेही शून्यच. पण त्याच कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. शेजारच्या गुजरातेत, सुरतेला, बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी १९०७ साली 'वनिता विश्राम' सुरू केले. २०२१ साली त्याचेही महिला विद्यापीठ झाले.

आज आपल्याकडेही क्रमवारीचे वेड आहे. केंद्र सरकार २०१६ पासून शिक्षणसंस्थांची यादी काढते. तिच्यात लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही दहा टक्के वजन आहे. बारावीचा निकाल लागला की गोव्यातले पालकही अशा याद्या चाळतात. चाळाव्यात, शिक्षक किती, निकाल कसा, हे मोजता येते. पण लोकांची पसंती गावागणिक आणि वर्षागणिक बदलते. १८९३ सालच्या पुण्यात अशी यादी निघाली असती, तर शारदा सदन तळाला असते. ती यादी पाहून गोदूबाईसारख्या मुलीला कोणी तिथे धाडलेच नसते.