आराखड्याचा व्यापार

रँग्लर परांजप्यांमुळें केंब्रिज हें नांव मराठी घरांत फार दिवसांचें परिचित आहे. त्याच गांवीं एकॉर्न नांवाच्या लहानशा संगणक-कंपनींत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर ह्यांनीं एका प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मेंदूचा, आराखडा तयार केला. २६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप हातीं आली व लागलीच चालूं लागली. फर्बर विजेचा खर्च मोजूं गेले, तों कांटा शून्यावर! पाहतात तों पुरवठ्याची तार जोडलेलीच नाहीं. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच चिप काम करीत होती. स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनास सोसेल इतकीच उष्णता निघावी, एवढाच कर्त्यांचा हेतु होता. खिशांतल्या टेलिफोनास हाच गुण पुढें हवा होता.

नोव्हेंबर १९९० मध्यें एकॉर्न, अ‍ॅपल व व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी ह्यांनीं मिळून आर्म कंपनी काढली. १२ एंजिनियर, आणि बिऱ्हाड धान्याच्या जुन्या कोठारांत! कारखान्यापुरतें भांडवल कोठून येणार? तेव्हां माल न करतां आराखडाच वापरावयास द्यावा, आरंभीं परवान्याची रक्कम घ्यावी व पुढें प्रत्येक चिपमागें रॉयल्टी, असें ठरलें. ही दूरदृष्टि म्हणून वाखाणली जाते. मुळांत तो बराचसा नाइलाज होता. इंटेलची रीत उलट: आराखडाही आपला, कारखानाही आपला. एएमडीला दिलेली मुभासुद्धां तिनें ३८६ च्या वेळीं आवरती घेतली, आणि वर्षानुवर्षें कज्जे चालले.

आर्मचे ग्राहक परस्परांचे स्पर्धक होते. परंतु ती स्वतः चिपा विकीत नसल्यानें तिच्याकडे जाण्यास कोणास संकोच वाटेना. १९९३ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनें परवाना घेतला; १९९७ सालीं नोकियाच्या ६११० ह्या टेलिफोनांत आर्मचा आराखडा होता. १९८४ सालची मिप्स विद्येंत उणी नव्हती. पण १९९२ मध्यें ती सिलिकॉन ग्राफिक्स ह्या संगणक-उत्पादकाच्या मालकीची झाली.

तोच प्रसंग पुढें आर्मवर आला. २०१६ पासून जपानी सॉफ्टबँकेकडे असलेली ही कंपनी २०२० सालीं एनव्हिडिया ह्या तिच्याच ग्राहकानें ४० अब्ज डॉलरांस घेऊं केली. इतर ग्राहक बिथरले, अमेरिकन सरकार न्यायासनापुढें गेलें, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें सौदा मोडला. त्याच वर्षीं आर्मनें क्वालकॉम ह्या आपल्या मोठ्या ग्राहकावर परवान्याच्या अटींवरून फिर्याद केली. इकडे बर्कलेच्या विद्यापीठांत २०१० पासून रचलेली रिस्क-फाइव्ह ही नियमावली कोणासही विनामूल्य खुली होती. २०२१ सालीं मिप्सनेंही आपली जुनी पद्धति बाजूस ठेवून तीच स्वीकारली.