पत्राचा मायना आणि यंत्राचे टपाल

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायन्याचे महत्त्व मजकुराहून कमी नव्हते. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजमान्य राजश्री’ यांपैकी कोणता शब्द आरंभी आला, यावरून लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते पत्र उघडताक्षणी कळे. आधी नाते, मग नाव, असा तो क्रम होता. ई-मेलद्वारे होणाऱ्या स्वयंचलित जाहिरातीने पत्राचा हा आकार जवळजवळ जसाच्या तसा उचलला. नात्याचा प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला. या जाहिरातीचा इतिहास म्हणजे वस्तुतः त्या अनिर्णित प्रश्नाचाच इतिहास होय.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या अमेरिकी संगणकजाळ्यावरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पहिले टपाल धाडले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना एकाच वेळी पाठवले. पत्ते छापील निर्देशिकेतून उतरवून घेतले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत मावेनात आणि उरलेले थेट मजकुरात सांडले. पत्रापेक्षा पत्ते मोठे झाल्याचा हा प्रसंग पुढील काळाचे जणू सूचकच ठरला. तक्रारी झाल्या, समजही देण्यात आली. परंतु या निरोपामुळे विक्री चांगली झाली, असे थर्क पुढे सांगत राहिले. अशा अनाहूत टपालाला कालांतराने ‘स्पॅम’ हे नाव चिकटले. मूळ शब्द डबाबंद मांसाचा. १९७० मधील मॉन्टी पायथनच्या एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात तो इतक्यांदा उच्चारला जातो की इतर कोणाचे बोलणे ऐकूच येत नाही. नामकरणात समीक्षा दडलेली असते, ती अशी.

तथापि यंत्र आणि उपद्रव यांचे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. पॅरिसमधील विद्यार्थी एरिक तोमा यांनी १९८६ मध्ये ‘लिस्टसर्व्ह’ ही संगणकप्रणाली सिद्ध केली. टपालयादीत नाव घालणे वा काढणे हे काम तिने माणसाच्या हातून काढून घेतले आणि वाचकाच्या स्वाधीन केले. विद्वानांच्या कितीतरी चर्चा अशा याद्यांवर चालल्या. स्वयंचलन तेथेही होते. फरक होता तो संमतीचा. सेथ गोडिन यांनी १९९९ मध्ये ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकातून हीच संमती विक्रीशास्त्राचा पाया म्हणून मांडली. पुढे कायदाही आला. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने अशा टपालात नाव कमी करण्याची सोय आणि पाठवणाऱ्याचा खरा टपाल-पत्ता बंधनकारक केला. पूर्वसंमती मात्र मागितली नाही. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात सर्वसाधारणपणे पूर्वसंमतीचाच आग्रह धरला. ‘नको म्हणेपर्यंत पाठवू’ आणि ‘हो म्हटल्यावरच पाठवू’ या दोन निराळ्या नीती आहेत.

ब्लॉग आणि समाजमाध्यमे आल्यावर ई-मेलचे दिवस भरले, असे भाकीत वारंवार केले गेले. फेसबुक २००४ मधले, ट्विटर २००६ मधले. ती चव्हाट्याची माध्यमे. तेथे वक्ता बोलतो आणि जाणारा-येणारा थबकतो. पण चव्हाट्याची जागा वक्त्याच्या मालकीची नसते. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झाले आणि अनेक ब्लॉगांचे नियमित वाचक विखुरले. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट मिटले. भारतात, मराठी मंडळींतही, त्याचा मोठा राबता होता. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि संस्थांच्या पानांची वाचकांपर्यंतची वाट अरुंद झाली. ई-मेलचे तसे नाही. १९८२ मध्ये लिखित झालेला टपालवहनाचा त्याचा मूळ नियम कोणा एका कंपनीचा नाही. सेवा बदलली तरी पत्त्यांची यादी बरोबर नेता येते. वर्गणीदारांची वही सांभाळणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणूनच समाजमाध्यमाने वाचक गाठावा, ब्लॉगने त्याला थांबवावे आणि टपालाने त्याला पुन्हा बोलवावे, अशी श्रमविभागणी रूढ झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सबस्टॅकने तर ब्लॉग आणि पत्र यांतली सीमारेषाच पुसट केली.

अर्थात ही यादीही निर्वेध नाही. २०१३ मध्ये जीमेलने जाहिरातींच्या टपालासाठी वेगळा कप्पा केला; म्हणजे दारातला पोस्टमन पत्रांची प्रतवारी करू लागला. अधिक गंभीर गोष्ट निराळीच आहे. नाव नोंदवताच स्वागताचे पत्र, तीन दिवसांनी दुसरे, खरेदी अर्धवट सोडली तर तिसरे, अशी मालिका एकदा रचली की ती आपोआप चालते. प्रत्येक पत्रात डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र ठेवता येते; पत्र उघडताच ते पाठवणाऱ्याच्या संगणकावरून मागवले जाते आणि वाचनाची नोंद होते. पत्र वाचणाऱ्यालाच पत्र वाचू लागते, ते असे. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या टपालप्रणालीत ही चित्रे आधीच परस्पर उतरवून घेण्याची सोय दिली, आणि किती जणांनी पत्र उघडले याचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकाला यात रस असावा तो एका कारणासाठी. यांत्रिक पत्रात ‘प्रिय’ या शब्दापुढे एक रिकामी जागा असते. यादीतले नाव तेथे येऊन बसते. यादीत नाव नसेल तर ‘प्रिय’ नंतर नुसता स्वल्पविराम उरतो. संबोधन आहे, संबोधित नाही. मायन्याचा जुना क्रम येथे उलटला: आधी नाव, नाते जमले तर नंतर. तरीही एखाद्या लहानशा नियतकालिकाचे मासिक टपाल, तेही यंत्रानेच धाडलेले, आपण आवर्जून उघडतो, कारण ते आपण मागितलेले असते. पत्राला पत्रपण येते ते नावाने हाक मारल्यामुळे नव्हे, तर ‘लिहा’ असे कोणी म्हटलेले असते आणि ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क त्याच्यापाशी शाबूत असतो म्हणून. या टपालाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली ‘नाव कमी करा’ ही ओळ हाच त्याचा खरा मायना होय.