'यमुनापर्यटन': मराठीतली पहिली कादंबरी

मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन'चे नाव घेतले जाते. ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) मूळचे बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

कथा काय आहे?
यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना जागोजागी विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणी घरच्यांच्या जाचाने पिचलेली. पुढे यमुनेवरच वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते.

तो काळ कसा होता?
विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. पण कायदा झाला म्हणून घरातली रीत बदलली नव्हती.

आक्षेप कोणता?
ही कादंबरी धर्मप्रचारासाठी लिहिली, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. विधवांच्या दुःखावर लेखक सुचवतो तो मार्ग ख्रिस्ती धर्माकडेच जातो. मात्र तो मार्ग न पटणाऱ्या वाचकालाही एक गोष्ट नाकारता येत नाही: ज्या बायकांबद्दल घरात कुणी बोलत नव्हते, त्यांना मराठी कादंबरीने सुरुवातीलाच मध्यभागी आणले.