इशारा आणि आसरा



बंदरावर वावरणाऱ्या माणसाला ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे शब्द पुरतात. खलाशी दोर घट्ट आवळतो, कोळी होडी वर ओढून घेतो. आम्ही कामगारांत आयुष्य काढलेले. हवामानशास्त्र शाळेत शिकलो नाही. परंतु या बावट्यामागचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तो निम्मा शास्त्राचा आणि निम्मा दारिद्र्याचा इतिहास आहे, असे आम्हांस दिसून आले.

‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने जहाजांच्या नोंदवह्या जुळवून वादळाचा वारा गोल फिरतो हे नाविकांस समजावले, आणि सापाच्या वेटोळ्यावरून १८४८ साली त्यास हे नाव दिले. मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, समुद्र तेथे चढून येईल, असेही त्याने १८५३ साली सरकारास बजावले. बंदर बांधले गेले, आणि १८६७च्या वादळाने त्याची धूळधाण केली. तत्पूर्वीच, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्याच्या वादळात हजारो माणसे बुडाली होती. तेव्हा कोठे १८६५ साली त्या बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. पहिली काळजी जहाजांची होती. किनाऱ्यावरच्या झोपडीची पाळी फार उशिरा आली.

आज हे काम जगाने वाटून घेतले आहे. मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, रियुनियन आणि फिजीतील नांदी येथे प्रमुख केंद्रे आहेत. उपग्रह ढगांची चित्रे धाडतो; ढगांच्या वेटोळ्यावरून वाऱ्याचा जोर अजमावण्याची रीत व्हर्नन ड्वोराक याने १९७०च्या दशकात घालून दिली. किनाऱ्यावरून रडार पाहते. अटलांटिकात तर विमाने वादळाच्या पोटात शिरतात. दिल्लीचे केंद्र बंगालचा उपसागर व अरबी समुद्र सांभाळते, आणि निदान ४८ तास आधी सावधगिरीची व २४ तास आधी धोक्याची सूचना देते.

मग प्रश्न सुटला काय? १२ नोव्हेंबर १९७०ची रात्र आठवा. पूर्व पाकिस्तानातील भोला बेटाच्या आसपास समुद्र चढला आणि किमान तीन लाख माणसे गेली. उपग्रहाने ते वादळ पाहिले होते, रेडिओवरून सूचनाही झाली होती. नंतरच्या पाहणीत आढळले की, बहुतेकांस वादळाची वार्ता कळली होती. परंतु पक्क्या इमारतीच्या आश्रयास गेले ते अगदी मूठभर. जाणार कोठे? सपाट बेटावर उंच जागा नाही, झोपडी बांबूची, शेतात भात कापणीला आलेले. कापणीसाठी परगावाहून आलेला मजूर तर तेथे सर्वस्वी परका. या मृत्यूंचा दोष अडाणीपणावर टाकणे सोपे आहे; आम्हांस ते मान्य नाही.

बांगलादेशाने यातून धडा घेतला. १९७२ पासून गावोगावचे स्वयंसेवक निशाण आणि कर्णा घेऊन दारोदार फिरू लागले; पुढे पक्के निवारे उभे राहिले. १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. २००७च्या सिद्र वादळात सुमारे ३,४००. आपल्या ओरिसात १९९९ साली सुमारे १० हजार गेले. २०१३ साली फायलिनच्या आधी जवळजवळ १० लाख लोक हलविले गेले, आणि मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली.

म्हणून समाधान मानावे, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले. इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. तरीही तेलक्षेत्रातील कामगारांचा पी-३०५ हा तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरचे सत्तरांहून अधिक लोक घरी परतले नाहीत. काम थांबवून किनाऱ्याला लागण्याचा निर्णय काही मजुराच्या हाती नसतो.

तात्पर्य, बावटा वर चढला म्हणजे अर्धेच काम झाले. ज्याने तो पाहावयाचा, त्याला हातातले काम टाकून निघण्याचा हक्क हवा, बुडालेल्या दिवसाची मजुरी हवी, आणि जावयास पक्के छप्पर हवे. ढगांची वाट शास्त्रज्ञांनी शोधून दिली; माणसाच्या पळण्याची वाट मोकळी करणे हे तुमचे-आमचे काम आहे.