मनाच्या आजाराविषयी मोठ्याने बोलायला कोणी सुरुवात केली?

नवी मुंबईतल्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत जरा कान देऊन उभे राहिले, तर "ह्याला ठाण्याला पाठवा रे!" हे वाक्य केव्हा ना केव्हा ऐकू येते. पुण्यातली मुले त्याऐवजी येरवड्याचे नाव घेतात. मुलांनी ते मनोरुग्णालय पाहिलेले नसते, तेथे काय चालते हेही त्यांना ठाऊक नसते. पण तेथे गेलेल्या माणसाविषयी बोलायचे ते हसून किंवा कुजबुजत, एवढे मात्र त्यांच्यापर्यंत घरातूनच पोचलेले असते. ही कुजबुज कुठून आली आणि ती मोडण्याचे धाडस आपल्याकडे कोणी केले, ते आपण येथे पाहू.

१८५७च्या उठावानंतर लगेच, १८५८ मध्ये, इंग्रज सरकारने 'वेड्यां'संबंधीचे कायदे केले. १९१२ मध्ये त्यांची जागा 'इंडियन लुनसी अॅक्ट'ने घेतली आणि तो थेट १९९३ पर्यंत चालला. (लुनसी हा शब्द चंद्रावरून आलेला. चंद्रकलांमुळे डोके फिरते ही जुनी समजूत कायद्याच्या नावात ऐंशीहून अधिक वर्षे मुक्काम करून होती!) ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. अशा ठिकाणी दाखल होण्यासाठी नातेवाइकांचा अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. स्वतःहून येणाऱ्यासाठी १९१२च्या कायद्यात एक वाट होती, पण मुख्य रस्ता हुकमाचाच. या कागदपत्रांत सगळे बोलत. ज्याच्याविषयी ते बोलत, तो तेवढा गप्प. ज्या आजारात पोलीस आणि मॅजिस्ट्रेट घरात येतात, तो आजार कोण चारचौघांत सांगेल? धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ही भीती त्यात आणखी भर घाली.

रुग्णाने स्वतः बोलण्याचे पहिले मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. येल विद्यापीठाचा पदवीधर क्लिफर्ड बिअर्स याने १९०० साली आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढची तीन वर्षे त्याने मनोरुग्णालयांत काढली, मारहाणही सोसली. बरा झाल्यावर १९०८ मध्ये त्याने स्वतःच्या नावानिशी ते सारे पुस्तकात मांडले आणि पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. बिअर्सने लिहिले तेव्हा मनाच्या तीव्र आजारांवर परिणामकारक औषधच नव्हते. क्लोरप्रोमाझिन हे पहिले असे औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये वापरात आले. त्यानंतर कितीतरी रुग्ण बरे होऊन घरी परतू लागले, पण त्यांचे बोलणे काही सुरू झाले नाही. औषधाने भास कमी होतात, लाज कमी होत नाही.

आपल्याकडे या मौनाला मोठा तडा गेला तो व्यसनाच्या बाजूने. ऐंशीच्या दशकात 'गर्द'चे म्हणजे ब्राऊन शुगरचे व्यसन शहरांत पसरले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. ते सुरू झाले येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात; अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) तेथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. ज्या नावाने मुले एकमेकांना चिडवत, त्याच आवारात माणसे आपणहून येऊ लागली, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९३५ पासून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभांत सभासद उभा राहून स्वतःची कहाणी सांगतो. मुक्तांगणातही गटात बसून बोलणे हा उपचाराचाच भाग झाला. शिवाय व्यसनातून बाहेर पडलेले लोकच तेथे कार्यकर्ते म्हणून काम करू लागले. नव्याने आलेल्या मुलाला समोरचा माणूस उपदेश करीत नव्हता, 'मीही असाच होतो' म्हणत होता. 'व्यसन हा आजार आहे' हे वाक्य मराठी घरांत रुजले ते या माणसांमुळे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मागे राहिलेल्यांच्या मनावरील आघाताचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात झाला. त्याचे नेतृत्व मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी केले. 'घाशीराम'मधला नाना म्हणून प्रेक्षकांना ठाऊक असलेले आगाशे ते हेच.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, माणसाकडून सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ झाली होती. तिच्या चाचण्या घेतल्या तेव्हा फायदा दिसला नाही आणि आता जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करीत नाही. ज्याला बोलायचे आहे त्याला ऐकणारा मिळावा, इतकेच खरे. वर्गात एखाद्या मुलाला उभे करून 'सांग, काय झाले घरी?' असे विचारणे ही मदत नव्हे.

स्किझोफ्रेनियाविषयीचे मौन मात्र सर्वांत घट्ट होते. ते मोडले एका संख्याशास्त्रज्ञाने. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही, आणि १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. येथे रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट भरू लागले. आईवडिलांना पहिल्यांदाच दुसरे आईवडील भेटले. आपल्या संगोपनात काय चुकले, हा प्रश्न मनात घेऊन जगणाऱ्यांना हे किती मोलाचे असेल! २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला, त्यामागेही वाणींचे साहाय्य होते. त्यात अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष पाहून, ज्यांनी हा शब्दही ऐकला नव्हता त्यांना आजाराची ओळख झाली. याच दिग्दर्शकांच्या, नैराश्याविषयीच्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळाले.

या सर्वांत प्रथम बोलले ते डॉक्टर, लेखक आणि नातेवाईक. खुद्द रुग्णाने हक्काची भाषा बोलणे याला आणखी वेळ लागला. तरुणपणी आय.आय.टी. मुंबईत संशोधन केलेल्या भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात आपल्या आईच्या नावाने 'बापू ट्रस्ट' सुरू केला. आईने सोसलेले मनोरुग्णालय त्यांनी लहानपणी पाहिले होते, आणि स्वतःच्या अनुभवाविषयीही त्या उघडपणे बोलत. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कायदाही हळूहळू सरकला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. माणूस बरा असतानाच, पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे तो आता लिहून ठेवू शकतो. १९१२च्या कागदात गप्प असलेला माणूस येथे बोलू लागला. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आली. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा बांधलेले अठ्ठावीस रुग्ण जळून गेले होते, त्याची आठवण या कलमामागे आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता, असे हाच कायदा गृहीत धरतो. दंड संहितेचे ३०९ कलम मात्र तोवर तसेच उभे होते. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तीत असा प्रयत्न सर्वसाधारणपणे गुन्हा राहिलेला नाही. अर्थात ही बातमी घरोघरी पोचलेली नाही. आजही पोलिसांच्या भीतीने 'चुकून औषध प्यायला' असे दवाखान्यात सांगितले जाते आणि मुलगा पुढच्या उपचाराशिवाय घरी येतो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. फोन निःशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येते.